संगणक आज्ञावल्यांची स्वयंचलित बांधणी

संगणकाने करावयाच्या कामाच्या सूचना मनुष्य ज्या लेखी स्वरूपात मांडतो, त्या लेखनास मूळ आज्ञावली म्हणतात. संगणकाचा प्रक्रियक ही भाषा जाणत नाही. त्याला केवळ यंत्रसंकेत कळतात. मूळ आज्ञावलीचे यंत्रसंकेतांत रूपांतर करणाऱ्या साधनास संकलक (कंपायलर) व रूपांतरित भाग एकत्र जोडणाऱ्या साधनास सांधक म्हणतात. मोठी आज्ञावली शेकडो वा हजारो फाइलींत विभागलेली असते. त्यांपैकी कोणत्या फाइलींचे संकलन पुन्हा करावयाचे, ते कोणत्या क्रमाने करावयाचे व शेवटी त्यांची सांधणी कशी करावयाची, हे ठरवून ते काम पार पाडणाऱ्या साधनास स्वयंचलित बांधणी-साधन म्हणतात. १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेले ‘मेक’ हे अशा साधनांपैकी सर्वांत प्रसिद्ध व दीर्घकाळ वापरात राहिलेले साधन होय.

स्वरूप : बांधणीचा मूळ प्रश्न एका साध्या उदाहरणाने स्पष्ट करता येतो. महाराष्ट्रातील तालुक्यांची यादी ठेवून तीवरून दाखले छापणारी एक आज्ञावली आहे, असे समजू. तिचे तीन भाग असून त्यांपैकी ‘तालुके’ या फाइलीत प्रत्येक तालुक्याचे नाव व जिल्हा दिलेला आहे, ‘शोध’ ही फाइल यादीतून हवा तो तालुका काढते आणि ‘छपाई’ ही फाइल दाखला छापते. तालुक्याच्या नोंदीत नावासाठी किती जागा व जिल्ह्यासाठी किती जागा राखावयाची, हे सांगणारी ‘नोंद’ ही चौथी फाइल असून पहिल्या तिन्ही फाइली तिच्यावर अवलंबून आहेत. तिन्ही फाइलींचे स्वतंत्र संकलन होऊन तीन यंत्रसंकेत-फाइली तयार होतात व त्यांच्या सांधणीतून चालविण्याजोगी आज्ञावली मिळते.

मंगरूळपीर हा तालुका ब्रिटिश अमदानीत प्रथम वऱ्हाडातील बासीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडल्यावर तालुक्याचा समावेश अकोला जिल्ह्यात झाला. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा स्वतंत्र करण्यात आला, तेव्हा मंगरूळपीर त्यात गेला. या शेवटच्या बदलासाठी वरील उदाहरणातील ‘तालुके’ या फाइलीत एक शब्द बदलावा लागेल. त्यानंतर त्या एकाच फाइलीचे संकलन व नंतर सांधणी करणे पुरेसे आहे. ‘शोध’ व ‘छपाई’ यांना हात लावण्याचे कारण नाही. परंतु शब्द बदलूनही संकलन करावयाचे राहिले, तर जुनीच यंत्रसंकेत-फाइल सांधणीत जाते आणि मंगरूळपीरच्या दाखल्यावर अकोला हाच जिल्हा छापला जातो. दोष शोधण्यासाठी कोणी मूळ आज्ञावली उघडली, तर तेथे मात्र वाशिम असे शुद्ध लिहिलेले आढळते. लेखन निर्दोष असूनही परिणाम चुकीचा येतो, आणि चूक जेथे शोधली जाते तेथे ती नसते, हे या दोषाचे वैशिष्ट्य आहे.

दुसरा प्रकार याहून घातक असतो. ‘मंगरूळपीर’ हे नाव लिहिण्यास नऊ चिन्हे लागतात. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या ‘इस्की’ या संकेतपद्धतीत ती नऊ बाइटांत मावतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागत असल्याने त्याच नावास सत्तावीस बाइट लागतात. जुन्या पद्धतीत नावासाठी वीस बाइट राखले असतील, तर युनिकोड स्वीकारताना ‘नोंद’ या फाइलीत ती जागा वाढवावी लागते. अशा वेळी ‘तालुके’, ‘शोध’ व ‘छपाई’ या फाइलींतील एक अक्षरही बदललेले नसते, तरी तिन्हींचे संकलन पुन्हा करणे अनिवार्य ठरते. एक जरी जुनी राहिली, तरी ती जिल्ह्याचे नाव पूर्वीच्याच ठिकाणी शोधू लागते आणि तेथे तिला तालुक्याच्या नावाचे शेवटचे तुकडे सापडतात. सी यासारख्या भाषांत सांधकाला ही विसंगती सामान्यतः ओळखता येत नाही. यासाठी कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे, याची नोंद ठेवणे हाच उपाय उरतो. बांधणी-साधनांचा इतिहास म्हणजे ही नोंद मनुष्याच्या स्मरणातून यंत्राच्या ताब्यात कशी गेली, याचा इतिहास होय.

पूर्वेतिहास : आरंभीच्या संगणकांवर संकलन हा टप्पाच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली बांधण्यात आलेला व १९६० मध्ये पूर्णत्वास गेलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक याचे जवळचे उदाहरण आहे. त्याच्या चुंबकीय स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. वापरणाऱ्या संशोधकाला सूचना यंत्राच्याच संकेतांत मांडाव्या लागत. त्यामुळे लिहिलेली आज्ञावली व चालणारी आज्ञावली यांत अंतर पडण्याचा प्रश्न नव्हता. मात्र लिहिणाऱ्याचे श्रम फार होते.

हे श्रम कमी करण्याचे प्रयत्न अमेरिकेत आधीच सुरू झाले होते. ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅक संगणकासाठी १९५१–५२ मध्ये ‘ए-०’ ही प्रणाली तयार केली. आधी लिहून ठेवलेल्या उप-आज्ञावल्या फितीवरून निवडून त्या एकत्र मांडण्याचे काम ती करी. संकलन हा शब्द प्रथम या अर्थाने वापरला गेला. आज त्या कामास सांधणी म्हटले जाईल. जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ या संगणकासाठी तयार केलेला फोर्ट्रान संकलक १९५७ मध्ये उपलब्ध झाला. गणिती सूत्रांशी मिळत्याजुळत्या भाषेतून कार्यक्षम यंत्रसंकेत निर्माण करता येतात, हे त्याने सिद्ध केले. १९५८ मधील फोर्ट्रानच्या दुसऱ्या आवृत्तीत उप-आज्ञावल्यांचे स्वतंत्र संकलन करण्याची सोय झाली. एका भागातील दुरुस्तीसाठी संपूर्ण आज्ञावलीचे संकलन करण्याची गरज त्यामुळे संपली, पण कोणता भाग जुना झाला आहे हे लक्षात ठेवण्याची जबाबदारी नव्यानेच निर्माण झाली.

छिद्रित पत्रांच्या काळात ही जबाबदारी अक्षरशः हातांनी सांभाळावी लागे. मूळ आज्ञावलीच्या पत्रांचा एक गठ्ठा व संकलित यंत्रसंकेतांचा दुसरा गठ्ठा, असे दोन संच ठेवले जात. पहिल्यात बदल झाल्यावर दुसरा नव्याने करून घेतला आहे की नाही, हे गठ्ठ्यावरील खुणांवरून व आठवणीवरून ठरे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला व देशभरातील संशोधक त्याचा लाभ घेऊ लागले. आपले काम देऊन निकालाची प्रतीक्षा करण्याच्या या व्यवस्थेत एका चुकीच्या गठ्ठ्याची किंमत एक संपूर्ण फेरी इतकी असे.

यंत्राकडे सोपविता येणारे काम मनुष्याने हाताने करू नये, हा विचार मुंबईतील आज्ञावली-उद्योगातही लवकर रुजला. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या संस्थेकडे फकीरचंद कोहली यांच्या कारकीर्दीत, १९७४ च्या सुमारास, बरोज कंपनीच्या एका प्रकारच्या संगणकांसाठी लिहिलेली रुग्णालयीन हिशेबाची आज्ञावली त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रकारच्या संगणकांसाठी बदलून देण्याचे काम आले. संस्थेजवळ बरोज संगणक नव्हता. होता तो आयसीएल १९०३. कोबोल भाषेच्या एका प्रकारातील मजकूर दुसऱ्या प्रकारात नेणारे साधन आयसीएल संगणकावरच तयार करून हे काम पुरे करण्यात आले. आज्ञावलीचा मजकूर हीच दुसऱ्या आज्ञावलीची सामग्री ठरू शकते, या तत्त्वाचा हा व्यावहारिक उपयोग होता. संकलक व बांधणी-साधने याच तत्त्वावर उभी आहेत.

मेकचा उदय : १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणाली व सी भाषा विकसित झाल्या. लहान फाइली, लहान साधने व त्यांची जुळणी ही तेथील कामाची रीत होती. १९७६ मध्ये स्टीफन जॉन्सन हे तेथील संशोधक एका शुद्ध आज्ञावलीतील दोष शोधण्यात संपूर्ण सकाळ घालवून बसले. दोष त्यांनी आधीच दुरुस्त केला होता, परंतु त्या फाइलीचे संकलन झाले नव्हते. त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी आदल्याच संध्याकाळी अशाच अडचणीशी झुंज दिली होती. या संभाषणातून साधनाची कल्पना निघाली व फेल्डमन यांनी ते थोड्याच दिवसांत लिहून काढले. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीबरोबर त्याचा सर्वत्र प्रसार झाला. या कार्यासाठी फेल्डमन यांना अमेरिकेतील संगणनविषयक संस्था एसीएमचा आज्ञावली-प्रणाली पुरस्कार २००३ सालासाठी मिळाला.

मेकला द्यावयाच्या सूचना ‘मेकफाइल’ या फाइलीत लिहितात. तीतील प्रत्येक नियमाचे तीन भाग असतात : निर्माण करावयाची फाइल, ती ज्यांवर अवलंबून आहे त्या फाइली आणि ती निर्माण करण्याची आज्ञा. या नियमांवरून मेक अवलंबनांचा आलेख तयार करते. नंतर ते प्रत्येक फाइलीत शेवटचा बदल केव्हा झाला, ती वेळ पाहते. निर्मित फाइल ज्यांवर अवलंबून आहे त्यांपैकी एक जरी तिच्याहून नवी असेल, तरी ती शिळी समजून पुन्हा निर्माण केली जाते. अन्यथा तशीच ठेवली जाते. वरील उदाहरणात ‘तालुके’ बदलल्यास एक संकलन व एक सांधणी होते, ‘नोंद’ बदलल्यास तीन संकलने व एक सांधणी होते आणि काहीच बदलले नसल्यास काहीच होत नाही. परस्परांवर अवलंबून नसलेली संकलने एकाच वेळी चालविता येतात, हाही या आलेखाचा एक लाभ आहे.

मर्यादा : मेकची भिस्त घड्याळावर आहे. जाळ्यातील दोन संगणकांच्या घड्याळांत फरक असल्यास नवी फाइल जुनी भासू शकते. मेकफाइलीत एखादे अवलंबन लिहावयाचे राहिले, तर ते मेकला कळत नाही. म्हणजे मनुष्याची विस्मृती पूर्णपणे नष्ट न होता एका ठिकाणी केंद्रित होते. पुढे संकलकानेच अवलंबनांची यादी तयार करून द्यावी, अशी सोय करून हा दोष बराच कमी करण्यात आला. आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅब या अदृश्य चिन्हाने झालाच पाहिजे, हा नियम नवशिक्यांना फार जाचक वाटतो. तो बदलण्याचा विचार फेल्डमन यांच्या मनात आला होता, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते व त्यांची अडचण होऊ नये म्हणून नियम तसाच राहिला. पुढे त्याचा जाच लक्षावधी लोकांना झाला.

भारतातील प्रसार : १९८० च्या दशकात भारतात युनिक्सवर चालणारे संगणक तयार होऊ लागले आणि बँकांच्या संगणकीकरणातही या प्रणालीला स्थान मिळाले. तिच्याबरोबर सी भाषा व मेक यांचा परिचय मुंबई–पुण्याच्या आज्ञावलीकारांना झाला. संकलकशास्त्राच्या अध्यापनात मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने महत्त्वाचे कार्य केले. तेथील प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांचे संकलक-रचनेवरील पाठ्यपुस्तक अनेक वर्षे भारतीय विद्यापीठांत वापरले गेले. अनावश्यक पुनर्गणना टाळणाऱ्या संकलन-तंत्रावरील त्यांचे संशोधनही मान्यता पावले. त्याच संस्थेत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने ‘जीसीसी’ या मुक्त संकलकाच्या अभ्यासासाठी केंद्र उभे राहिले. खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री साठे यांचा आज्ञावलीतील माहितीच्या प्रवाहाच्या विश्लेषणावरील ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुणे येथे १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख विजय भटकर हे मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावचे. त्या काळी मंगरूळपीर तालुकाही याच जिल्ह्यात होता. या केंद्राने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा समांतर महासंगणक तयार केला. अनेक प्रक्रियकांवर एकाच वेळी चालणाऱ्या आज्ञावलीचे संकलन, सांधणी व वाटप ही कामे साधनांवाचून होणे शक्य नसते. भारतीय लिप्यांसाठीचे ‘जिस्ट’ तंत्र आयआयटी कानपूर येथे सुरू होऊन याच केंद्रात विकसित झाले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील रूपावर आधारलेली आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस सन २००० च्या तारखांचा प्रश्न उभा राहिला व त्यावर काम करण्यात भारतीय कंपन्यांचा वाटा मोठा होता. वर्षासाठी दोनच अंक राखणाऱ्या जुन्या आज्ञावल्या दुरुस्त करताना चालू असलेली आज्ञावली नेमक्या कोणत्या मूळ लेखनातून निर्माण झाली, हे ठरविणे हे एक मोठेच काम होऊन बसले. काही ठिकाणी मूळ लेखन हरवलेले, तर काही ठिकाणी एकाच आज्ञावलीच्या अनेक आवृत्त्या शिल्लक राहिलेल्या असत. बांधणीची नोंद न ठेवल्याचे परिणाम किती वर्षांनी भोगावे लागतात, हे यावरून दिसून आले.

नंतरची साधने : मुक्त आज्ञावल्यांच्या ग्नू प्रकल्पातील मेक रिचर्ड स्टॉलमन व रोलंड मॅक्‌ग्रा यांनी लिहिले. निरनिराळ्या संगणकांनुरूप मेकफाइल आपोआप तयार करणारे ऑटोकॉन्फ १९९१ मध्ये व सीमेक २००० मध्ये पुढे आले. जावा भाषेसाठी अँट, मेव्हन व ग्रेडल ही साधने प्रचारात आली. निंजा हे वेगावर भर देणारे, तर २०१५ मध्ये गूगलने खुले केलेले बेझल हे वेळेऐवजी फाइलींतील मजकुराच्या गणिती ठशावरून बदल ओळखणारे साधन आहे. आज्ञावलीत कोणीही बदल नोंदविताच ती आपोआप बांधून तपासणाऱ्या जेन्किन्ससारख्या यंत्रणा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सर्रास वापरल्या जाऊ लागल्या. यामुळे बांधणी व्यक्तीच्या टेबलावरून मध्यवर्ती यंत्रणेकडे गेली.

विश्वासाचा प्रश्न : नोंद यंत्राकडे गेल्यावर यंत्रावर विश्वास किती ठेवावा, हा नवा प्रश्न निर्माण झाला. युनिक्सचे एक जनक केन टॉम्पसन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या निमित्ताने केलेले व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले व्याख्यान या विषयावर आहे. संकलकातच कपट लपविले, तर मूळ आज्ञावली कितीही बारकाईने वाचली तरी ते सापडणार नाही आणि तो संकलक आपल्या पुढील आवृत्तीतही ते उतरवील, हे त्यांनी दाखवून दिले. ही केवळ तात्त्विक शक्यता राहिली नाही. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या बांधणी-यंत्रणेत शिरकाव करून संकलन चालू असताना एक मूळ फाइल बदलली व काम होताच ती पूर्ववत केली. परिणामी घातक आज्ञावली कंपनीच्याच अधिकृत स्वाक्षरीसह हजारो ग्राहकांकडे पोहोचली. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्त आज्ञावलीच्या वितरित संचात बांधणीच्या सूचनांमधूनच चोरवाट घातल्याचे आढळले. सार्वजनिक भांडारातील मजकुरात त्या सूचनेचा मागमूस नव्हता. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्याच खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंट या अभियंत्याने तिचा छडा लावला.

यावर पुनरुत्पादनक्षम बांधणी हा उपाय पुढे आला. एकाच मूळ आज्ञावलीवरून कोणीही, कोठेही व केव्हाही बांधणी केली, तरी बिटागणिक एकच परिणाम मिळाला पाहिजे, हे तिचे सूत्र आहे. असे झाल्यास अनेक जण स्वतंत्रपणे बांधणी करून आपले परिणाम ताडून पाहू शकतात. डेबियन या मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी २०१३ पासून या दिशेने संघटित प्रयत्न केले. त्यासाठी बांधणीची तारीख, वेळ, फाइलींचा क्रम व संगणकाचे नाव यांसारख्या आकस्मिक गोष्टी परिणामातून काढून टाकाव्या लागतात. ज्या घड्याळावर मेकची उभारणी झाली, त्याचाच ठसा बांधणीतून पुसावा लागतो, हा या क्षेत्रातील लक्षणीय पालट म्हणता येईल.

महत्त्व : शासकीय व आर्थिक व्यवहारात संगणकाचा वापर वाढल्यापासून या विषयाचा संबंध केवळ आज्ञावलीकारांपुरता उरलेला नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून सातबाराचा उतारा डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला. अशी स्वाक्षरी कागदात नंतर फेरफार झाला नसल्याची हमी देते. परंतु तो कागद निर्माण करणारी आज्ञावली तपासलेल्या मूळ लेखनातूनच बांधलेली होती काय, याचे उत्तर स्वाक्षरीत नसते. ते बांधणीच्या नोंदीतच मिळू शकते. मंगरूळपीरच्या शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या उताऱ्यावर तालुका व जिल्हा बरोबर छापला जाणे हे यादीतील शब्द दुरुस्त करण्यावर जितके अवलंबून आहे, तितकेच त्या दुरुस्तीनंतर आज्ञावलीची बांधणी पुन्हा झाली की नाही यावर अवलंबून आहे.